पोस्टमनकाकांची वाट

श्रीवर्धन ते दिवेआगर हा समुद्रालगतचा वीसेक किलोमीटरचा रस्ता मला एका माणसाने दिला. रस्ता सरकारी, सगळ्यांचा. तरीही ‘दिला’ हा शब्द मी विचार करूनच लिहिते आहे. आज थंडीच्या दिवसांत या रस्त्यावर पुण्या-मुंबईहून सायकलस्वार येतात. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र, मध्ये फारशी रहदारी नाही. ते खूश होऊन जातात आणि त्यांचा आनंद खरा असतो. मला मात्र त्याच रस्त्यावर आणखी बरंच काही दिसतं. कुठल्या वळणानंतर वारा अंगावर येणार, कुठल्या घराच्या पडवीत पाणी मागायला संकोच नको, कुठल्या आगरातून जुनी पायवाट निघते, हे सगळं दिसतं. हे दिसणं माझं नाही. ते श्रीवर्धनच्या पोस्टातल्या एका पोस्टमनचं आहे. गावात सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

नव्वदच्या दशकात बँकेत फील्ड ऑफिसर म्हणून माझी श्रीवर्धनला बदली झाली. पीककर्ज, आगरांसाठीची कर्जं, होड्या-जाळ्यांची कर्जं. ती द्यायची, त्यांची पाहणी करायची आणि मग वसुलीला जायचं. एसटीच्या गाड्या मोजक्या, आणि त्या गावाबाहेरच्या थांब्यावर सोडणार. तिथून वाड्या लांब. आधीचे अधिकारी मोटारसायकलवर फिरत. मला ती येत नव्हती आणि शिकण्याची हौसही नव्हती. कॉलेजात वापरलेली लेडीज सायकल मात्र मी ट्रकमधून सामानाबरोबर आणली होती. नाशिकच्या सपाट रस्त्यांवरची ती सायकल कोकणातल्या चढांवर चालेल का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. काकांनी ती बँकेच्या भिंतीला टेकवलेली पाहिली. रजिस्टर घेऊन आत आले, माझी सही घेतली आणि म्हणाले, “मॅडम, मागची ब्रेकची रबरं बदलून घ्या. इथे थांबता आलं पाहिजे. चालवणं काय, होतंच.”

दुसऱ्या दिवशी नवी रबरं त्यांनीच आणून बसवली. पैसे देऊ केले तर घेतले, नेमके तेवढेच, सुटे मोजून. तो त्यांचा स्वभाव होता. वस्तूचे पैसे घेत. वेळेचे, शिकवण्याचे, सोबतीचे कधी घेतले नाहीत.

त्यांची बीट श्रीवर्धनच्या उत्तरेला होती. आरावी, कोंडविल, शेखाडी. माझ्या कर्जदारांची घरंही बरीचशी त्याच पट्ट्यात. त्यामुळे सकाळी टपाल फुटून त्यांची पिशवी भरली की ते निघत, आणि पाहणीचा दिवस असला की मीही निघे. आमचं ठरवून असं काही नव्हतं. ते पुढे, मी मागे. त्यांची सायकल काळी, चोवीस इंची, पुढे दांड्याला खाकी पिशवी, मागे कॅरियरला पार्सलं सुतळीने बांधलेली. ना तिला गिअर, ना माझ्या सायकलला. पहिल्या मोठ्या चढाला माझा दम लागला तेव्हा ते म्हणाले, “वर बघू नका. माझ्या मागच्या चाकाकडे बघा. ते फिरतंय तोवर तुमचंही फिरेल.” चढ सुरू होण्याआधी जोर लावून वेग घ्यायचा नाही, श्वास भरून ठेवायचा. रस्ता मोकळा असेल तर नागमोडी जायचं. आणि अगदीच पाय भरून आले तर उतरून सायकल हातात धरून चालायचं, त्यात कमीपणा काही नाही. उतारावर आधी मागचा ब्रेक, मग पुढचा. पावसाळ्यात तांबडी माती मडगार्डमध्ये अडकून चाक धरते, तर काडीने ती वेळच्या वेळी काढायची.

वाऱ्याचं गणित तर मला त्यांच्यामुळेच कळलं. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा. तो डोंगराच्या आडोशाने फारसा लागत नाही. दुपार कलली की समुद्राकडचा खारा वारा उठतो आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणून सकाळी उत्तरेला जायचं आणि दुपारी दक्षिणेला परतायचं, म्हणजे येताना पाठीवर वारा. काकांच्या बीटची दिशा आणि वाऱ्याची दिशा अशी जमलेली होती. ती त्यांनी ठरवलेली नव्हती, पण तिचा फायदा त्यांनी आयुष्यभर घेतला.

खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. घरी आल्यावर चेनवर आणि रिमवर तांब्याभर गोडं पाणी ओतायचं, जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडं करायचं, आणि मग शिवणयंत्राचं तेल, चेनच्या एकेका कडीवर एकेक थेंब. काका हे पोस्टाच्या मागच्या अंगणात बसून करत. सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केलेली, उजव्या हाताने पॅडल सावकाश फिरवायचं, डाव्या हातात तेलाची कुपी. कडी खाली आली की थेंब, पुढची आली की थेंब. बोलणं बंद. पूर्ण फेरा झाला की सुरुवातीच्या कडीला लावलेली दोऱ्याची खूण सोडायची. मी आजही अशीच करते. माझ्या आताच्या सायकलची चेन निराळी आणि तेलही निराळं आहे, पण दोरा बांधते.

काका सायकलवरून कधी बोलत नसत. निरोप द्यायचा असो, चौकशी करायची असो, आधी उतरायचं, स्टँड लावायचा, मग बोलायचं. मला वाटलं वयामुळे असेल. एकदा कोंडविलला एका घराशी ते असेच उतरले. पिशवीत त्या घरासाठी काही नव्हतं, हे मला माहीत होतं कारण पत्रं लावताना मी पाहिलं होतं. पडवीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. काका त्यांच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, “आज नाही हो आलं काही.” त्या बरं म्हणाल्या. काका परत आले, सायकलवर बसले. पुढच्या चढावर उतरून चालताना त्यांनी मला सांगितलं ते १९८२ सालचं.

तेव्हाचं कोकण मनीऑर्डरवर चाले. घरोघरचा कर्ता मुंबईत, परळ-लालबागच्या गिरणीत. महिन्याच्या ठरावीक दिवसांत काकांची पिशवी जड असे. पैसे बीटवर वाटायचे, अंगठा किंवा सही घ्यायची, कुपनावर लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायच्या. जानेवारी १९८२ मध्ये अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि पुढच्या महिन्यांत काकांची पिशवी हलकी होत गेली. पण बायका दारात उभ्या राहायच्याच. घंटी वाजली की बाहेर यायच्या. “सायकलवरून नुसतं हात हलवून पुढे गेलो असतो तर चाललं असतं,” काका म्हणाले, “पण ती बाई दिवसभर काय विचार करत बसणार, ताई? चुकून पुढे गेला का, विसरला का. म्हणून उतरायचं आणि सांगायचं, आलं नाही. म्हणजे ती कामाला लागते.” संप संपल्याचं कुणी जाहीर केलंच नाही, गिरण्याही पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. काकांची उतरण्याची सवय राहिली. त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

वसुली हे बँकेतलं सर्वांत नकोसं काम. मी ते काकांच्या पद्धतीने करू लागले. दारात उभं राहून आकडा सांगायचा नाही. सायकल लावायची, पडवीत बसायचं, आगर बघायचं, मग बोलायचं. माझ्या शाखेची वसुली त्यामुळे वाढली की नाही हे सांगता येणार नाही. लोक मला टाळायचे थांबले, एवढं मात्र नक्की. पोफळीच्या आगराचं अर्थशास्त्र मी तिथेच बसून शिकले. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिची फळं पिकून उतरवली की अंगणात कित्येक दिवस उन्हात वाळवायची, मग सोलायची. पोफळ लावल्यावर धरायला पाच-सात वर्षं जातात. नारळाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, खाली जायफळ किंवा केळ. काही गुंठ्यांत तीन मजल्यांचं शेत. ते पाटाच्या पाण्यावर चालतं, आणि पाट शेजाऱ्याच्या आगरातून येतो. म्हणून इथली भांडणं पाण्याची आणि सलोखाही पाण्याचाच.

रविवारी आम्ही लांब जात असू. काकांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं, पण वाचन दांडगं, आणि वाचलेलं जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ भट इथले, आणि सिद्दीच्या अमलाखालून बाहेर पडलेला हा माणूस १७१३ साली शाहू महाराजांचा पेशवा झाला. हे शाळेत सगळेच शिकतात. काका मला दाखवायचे ते सिद्दीची सत्ता इथे किती खोल होती ते. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा मुलूख जंजिरा संस्थानाचा. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा काकांचे वडील तरुण होते. म्हणजे पुस्तकातला सिद्दी काकांच्या घरात वडिलांच्या आठवणींत होता. इतिहास आपल्यापासून किती जवळ असू शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

दिवेआगरला गेलो की रूपनारायणाच्या देवळात थोडा वेळ बसायचं हे ठरलेलं. शिलाहारांच्या काळातली ती मूर्ती. ठेवण दक्षिणेकडची वाटावी इतकी रेखीव. याच गावी शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा, मराठीतला ताम्रपट मिळाला. मराठीच्या अगदी जुन्या लिखित पुराव्यांत त्याची गणना होते. काकांना त्याचं फार अप्रूप. सगळा जन्म लोकांची मराठी पत्रं पोचवण्यात गेलेल्या माणसाला, इतक्या जुन्या काळी इथे कुणीतरी मराठीत तांब्यावर लिहून ठेवलं याचा आनंद झाला नसता तरच नवल. “ते पण कुणाला तरी पोचवायचंच होतं ना,” ते म्हणायचे. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथल्याच एका आगरात जमिनीखालून तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती निघाला आणि सगळा महाराष्ट्र तिकडे लोटला. तेव्हा मी श्रीवर्धन सोडून गेले होते. काकांचं पोस्टकार्ड आलं. त्यात गणपतीबद्दल दोन ओळी आणि गर्दीने रस्त्याची कशी दुर्दशा झाली याबद्दल सहा.

शेखाडीबद्दल सांगायलाच हवं. मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठी लागलेली स्फोटकं आणि शस्त्रं याच किनाऱ्यावर, दिघीला आणि शेखाडीला, उतरवली गेली होती. मी आले तेव्हा ते ताजं होतं. बाहेरून आलेली माणसं शेखाडीच्या फाट्यावर काकांना थांबवून विचारायची, ती जागा कुठे. काका उतरायचे, स्टँड लावायचे आणि शांतपणे सांगायचे की इथे विहिरीचं पाणी चांगलं आहे, ते प्या. मशिदीजवळच्या घरी रजिस्टर द्यायचं आहे, मला उशीर होतोय. गावातल्या माणसांनी त्या काळात पोलिसांच्या चौकशांना तोंड दिलं, एसटीत गावाचं नाव सांगायची चोरी झाली. काका त्या सगळ्या घरांत वर्षानुवर्षं कुवेतची, सौदीची पत्रं पोचवत आले होते. कुठल्या घरातल्या मुलीचं लग्न खोळंबलंय, कुणाचा बाप दम्याने झोपत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. गाव म्हणजे त्यांच्या दृष्टीने घरक्रमांक आणि माणसं; बातमीतलं शेखाडी आणि त्यांचं शेखाडी यांत त्यांनी कधी गल्लत होऊ दिली नाही. पुढच्या आयुष्यात मला ज्या ज्या गावांविषयी लोकांनी आधीच काही सांगून ठेवलं, तिथे जाताना मला काकांनी दाखवलेली ती विहीर आठवली.

त्याच गावात काकांच्या चाकाचं पंक्चर काढलं गेलं तो प्रसंग. ऊन चढलेलं. एका अंगणात त्यांनी सायकल उलटी केली. कुणी काही विचारायच्या आत घरातल्या चाचींनी पाण्याने भरलेलं घमेलं आणून ठेवलं. काकांनी पान्ह्याच्या मुठीने टायर रिमवरून सोडवला, ट्यूब ओढून काढली, हवा भरून ती घमेल्यात थोडी थोडी बुडवत फिरवली. बुडबुडे आले तिथे बोटाचं नख दाबून ठेवलं. ती जागा काचकागदाने घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर घातली, वाट पाहिली. जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा बसवला आणि वर पाटा ठेवला; पाटाही चाचींनीच दिला, वाटण अर्धवट सोडून. मी हात धुवायला उठले तर चाचींनी माझ्या हातात ताडगोळ्यांची ताटली ठेवली. पैशांचं बोलण्याची ती जागाच नव्हती. त्या घरी नंतर मी पुष्कळदा गेले, कर्जाचा काही संबंध नसताना.

दिघीहून खाडी ओलांडून मुरुडकडे जाणं म्हणजे काकांचा सणच. तेव्हा लाँच असायची. सायकली टपाच्या बाजूला आडव्या टाकायच्या आणि आपण कडेला बसायचं. आगरदांड्याला उतरून राजपुरीच्या रस्त्याला लागलं की खोकरीचे घुमट. सर्वांत मोठा सिद्दी सुरुलखानाचा, आणि शेजारी याकुतखान व खैरियतखान यांचे. याच याकुतखानाने १६८९ मध्ये मुंबईवर चाल करून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं होतं. जंजिरा पाहायला गर्दी लोटते. खोकरीला तेव्हा गुराखी सोडून कुणी नसायचं, आणि काकांना तीच जागा आवडे. समुद्रात शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग दिसतो तिथे मात्र ते टोपी काढून थोडा वेळ उभे राहत. शत्रूच्या कबरीपाशी बसून डबा खाणारा आणि पद्मदुर्गासमोर टोपी काढणारा तो एकच माणूस; त्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती आणि मलाही वाटत नाही.

मुरुडच्या पुढे नांदगाव. गणेश दैवज्ञांचं गाव. १५२० मध्ये त्यांनी ‘ग्रहलाघव’ लिहिला. ग्रहांची स्थाने काढताना ज्या-कोज्यांची किचकट कोष्टकं टाळून साध्या बेरीज-गुणाकाराने उत्तर मिळेल अशी रीत त्यांनी दिली, आणि महाराष्ट्रातली पंचांगं शतकानुशतकं तिच्या आधाराने तयार होत राहिली. काका दरवर्षी पाडव्याच्या आधी बुकपोस्टाने आलेली पंचांगं वाटत. ज्या रीतीने ती बनत आली ती इथून चाळीसेक मैलांच्या आत जन्मली, याचा त्यांना घरच्यासारखा अभिमान होता. एका खेपेला आम्ही कोर्लईपर्यंत गेलो. पोर्तुगीजांच्या किल्ल्याखाली वसलेल्या त्या गावात ख्रिस्ती वस्तीतली म्हातारी माणसं आपसांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली भाषा बोलतात. खाडीपलीकडे रेवदंडा-चौल, १७४० मध्ये मराठ्यांकडे आलेलं. पोर्तुगीज गेले आणि त्यांची भाषा या एका गावात राहिली. परतीची लाँच चुकेल म्हणून तिथून आम्हाला लवकर निघावं लागलं.

दक्षिणेला बाणकोटची खाडी. बागमांडल्याहून तरीने पलीकडे. तिथे काकांनी मला एका इंग्रज कुटुंबाची हकिगत सांगितली. महाबळेश्वरची आर्थर सीट ज्याच्या नावाने आहे त्या आर्थर मॅलेटची बायको आणि तान्ही मुलगी १८५३ मध्ये याच खाडीच्या मुखाशी होडी उलटून बुडाल्या. सावित्री महाबळेश्वरात उगवते आणि इथे समुद्राला मिळते. महाबळेश्वरला गेलेले लोक त्या कड्यावरून दरी बघून येतात; नदीचं दुसरं टोक कुणाला माहीत नसतं. काका म्हणाले, “पत्ता अर्धा लिहिला की पत्र पोचत नाही.” त्या एका वाक्याने मला फिरायचं कसं ते शिकवलं.

माझी बदली झाली. मग लग्न, मुंबई, शाखा व्यवस्थापकपद, सगळं रीतसर. काकांची पोस्टकार्डं येत राहिली. त्यांत कुटुंबाची खुशाली थोडी आणि रस्त्याची जास्त: शेखाडीचा उतार उखडलाय, कोंडविलला नवी मोरी घातली, भरडखोलला जेटीचं काम काढलंय म्हणून खडीचे ट्रक जपून. जणू मी उद्या सकाळी निघणारच आहे. ती कार्डं वाचून वाचूनच मी पुन्हा सायकल घेतली, चाळिशी ओलांडल्यावर, गिअरची. पुन्हा तो रस्ता धरला. काका तोवर निवृत्त झाले होते. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली आणि २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची मनीऑर्डर गेली, तेव्हा त्यांना फोन केला. त्यांनी दु:ख केलं नाही. “बँकेत पैसे थेट जमा होतात ते चांगलंच. फक्त आलं नाही हे सांगायला आता कुणी जात नाही,” म्हणाले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटरचा वारा, झोत एकशेवीसपर्यंत. श्रीवर्धन, दिवेआगरची आगरं आडवी झाली. टाळेबंदीमुळे मला लगेच जाता आलं नाही. जाता आलं तेव्हा मी गेले. पोफळी बुंध्यातून मोडून एकमेकींवर पडलेल्या, नारळ मुळांसकट उपटलेले, आणि ज्या रस्त्यावर नेहमी सावली असे तिथे आभाळ. काकांचं छोटं आगर जवळजवळ गेलं होतं. मी पैसे घेऊन गेले होते. अडचणीत आपल्या माणसाला देतात तसेच द्यायचे होते. त्यांनी पाकीट बघितलं, परत माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, “हे राहू दे. तुला फॉर्म भरता येतात ना? मग बैस.”

सरकारी मदत फळबागेला हेक्टरी पन्नास हजार रुपये अशी जाहीर झाली होती. इथली आगरं हेक्टरांत नसतातच, गुंठ्यांत असतात. सातबाऱ्यावर सहा-सात नावं, निम्मी मुंबईला, काही वारलेली. हेक्टरचा हिशेब गुंठ्याला लावला की हातात पडणारी रक्कम पडलेली झाडं तोडून हलवण्याच्या मजुरीलाही पुरणार नव्हती. झाडामागे भरपाई हवी ही लोकांची मागणी त्यातूनच आली. मी काकांच्या पडवीत बसले. पंचनाम्याच्या नकला, बँकेच्या पासबुकांच्या झेरॉक्स, संमतिपत्रं, वारसाचे दाखले. शेखाडीहूनही माणसं आली. त्या चाची आता नव्हत्या, त्यांचा मुलगा आला. त्याचा फॉर्म मी सर्वांत आधी भरला. काका शेजारी खुर्चीत बसून प्रत्येकाची नोंद मला सांगत होते, कुणाचं नाव सातबाऱ्यावर काय आहे आणि बोलताना काय, कुणाचा भाऊ कुठल्या पत्त्यावर. सगळी बीट त्यांना तोंडपाठ होती. त्या कामात मला जे समाधान मिळालं ते बँकेतल्या सगळ्या नोकरीत मिळालं नाही. आणि तरी ती फेड नव्हे. फॉर्म भरायला मी बसले होते, पण तिथवर मला आणून बसवलं होतं त्यांनीच.

काकांना आता सायकल चालवता येत नाही, गुडघे गेले. मी श्रीवर्धनला गेले की आधी दिवेआगरपर्यंत जाऊन येते, मग त्यांच्याकडे चहाला. चढावर कुठे उतरलीस, वारा कधी फिरला, भरडखोलला होड्या आत होत्या की बाहेर, नव्या लावलेल्या पोफळी किती वर आल्या, हे सगळं सांगावं लागतं. बारीक चौकशी करतात. परवा आमचा वाद झाला. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गात खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, आगरदांडा-दिघीचाही. मी म्हटलं, काका, हा रस्ता मग असा राहणार नाही, गाड्या भरधाव जातील. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, रात्री तार घेऊन मी कितीदा दिघीच्या जेटीवर उभा राहिलोय, लाँच नाही म्हणून. अडलेली बाळंतीण सकाळपर्यंत जेटीवर कण्हताना पाहिलीय. पूल हवाच, आणि तू त्याच्या विरुद्ध एक अक्षर लिहायचं नाहीस.

लिहिणार नाही. मात्र पुलाला आणि रुंद होणाऱ्या रस्त्याला कडेने सायकलींपुरती पट्टी असावी असा अर्ज मी केला आहे, मसुदा काकांना वाचून दाखवूनच. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली: सायकलच्या आधी ‘पायी चालणारे’ लिही, डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणी आधी, तू नंतर. तशी दुरुस्ती केली. उत्तर आलं की त्यांना पोस्टकार्डानेच कळवायचं आहे. फोनवरचं ते ऐकून घेतात, पण हातात कागद आल्याशिवाय नोंद धरत नाहीत.